मागे काय उरतं

२० मे १५२१. स्पेनमधल्या पँप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा येऊन आदळला आणि इनिगो नावाच्या तिशीतल्या बास्क सरदाराचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसलं नाही, म्हणून ते पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली एक उंचवटा राहिलाच. दरबारात तंग बूट घालता येणार नाहीत, पाय विद्रूप दिसेल, एवढ्यासाठी त्याने तो हाडाचा तुकडा करवतीने कापून घेतला, तोही भुलीशिवाय. लोयोलाच्या घरी कित्येक महिने अंथरुणावर पडून काढायचे होते, तेव्हा त्याने शौर्यकथा वाचायला मागितल्या. घरात एकही नव्हती. ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा, एवढंच हाती आलं.

पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एक होतं मोठ्या घराण्यातल्या एका स्त्रीचं. तिच्यासाठी काय पराक्रम करायचा, तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचं, ती राहते तिथवर कसं पोचायचं, या विचारात तीन-तीन, चार-चार तास निघून जायचे. दुसरं स्वप्न असं, की संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी जे केलं ते मी का करू नये? रंगात असताना दोन्ही सारखीच गोड. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न संपलं की मन कोरडं आणि नाराज. दुसरं संपल्यावरही प्रसन्नता टिकून राहायची. बरेच दिवस त्याचं इकडे लक्षच गेलं नाही. एक दिवस गेलं, आणि पुढे संत इग्नेशियस लोयोला म्हणून जग ज्यांना ओळखतं त्यांची सगळी साधना त्या एका निरीक्षणावर उभी राहिली. एखादी गोष्ट चालू असताना कशी वाटते, त्यापेक्षा ती सरल्यावर मनात मागे काय उरतं ते पाहायचं.

कॅथलिक श्रद्धा बाहेरून पाहणाऱ्याला मेणबत्त्या, रोझरी (जपमाळेची प्रार्थना), माउंट मेरीची जत्रा आणि लेंटमधले, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतले, उपास दिसतात. आत मनाच्या हालचालींकडे बारकाईने पाहण्याची एक जुनी, शिस्तशीर विद्या आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि त्या विद्येचा पहिला धडा एका प्रेमाच्या स्वप्नावरच गिरवला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. चर्चमध्ये येणारी माणसं दोन वेगवेगळी गाऱ्हाणी घेऊन येतात. कुणी म्हणतं मनाला शांती नाही, कुणी म्हणतं नात्यात सुख नाही. माझ्या मते दोन्हींचं औषध एकच आहे. स्वतःविषयी खरं बोलण्याची सवय, रोज आणि थोडी थोडी. चर्चने या सवयीसाठी ठरावीक वेळ, ठरावीक पायऱ्या आणि ऐकणारा माणूससुद्धा नेमून दिलेला आहे.

सुरुवात संध्याकाळच्या आत्मपरीक्षणापासून करावी. इग्नेशियसनी ते आपल्या 'आध्यात्मिक साधना' या छोट्या पुस्तकात पाच पायऱ्यांत मांडलं. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्या पुस्तकाला मान्यता दिली. इग्नेशियसनी स्थापन केलेल्या येशूसंघाचे फादर आजही हे परीक्षण दिवसातून दोनदा करतात, दुपारी आणि रात्री. १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापून आणणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे, तेव्हा आपल्या मातीलाही ही साधना चारशे वर्षांपासून ओळखीची आहे. प्रापंचिक माणसाला एकदा पुरते. दहा ते पंधरा मिनिटं. त्याहून जास्त नको.

पहिली पायरी आभाराची. आज काय मिळालं ते नावानिशी आठवायचं. "देवा, सगळ्यासाठी धन्यवाद" हे चालणार नाही. सकाळी विरारच्या गाडीत बसायला जागा मिळाली, आईचा खोकला कमी झाला, साहेबांनी सगळ्यांसमोर बाजू घेतली, असं एकेक. दुसरी पायरी, स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. ही पायरी लोक गाळतात, आणि मग परीक्षणाचा सूर बदलतो. देवासमोर बसलेला माणूस स्वतःच्याच कोर्टात आरोपी होऊन उभा राहतो. तिसऱ्या पायरीत उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने चाळायचा: आधी विचार, मग बोलणं, मग कृती. कुठे मन मोकळं झालं, कुठे आक्रसलं, कुणाच्या फोननंतर छातीवर दडपण आलं. चौथीत क्षमा मागायची. पाचवीत उद्यासाठी एक निश्चय करायचा आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणून उठायचं.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. लोक अंथरुणात पडून हे करायला जातात आणि तिसऱ्या पायरीलाच डोळा लागतो. खुर्चीत बसावं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, जेवणाआधीची वेळ धरावी. दुसरं म्हणजे आभार आटोपते घेऊन थेट चुकांवर येणं. असं महिनाभर केलं की परीक्षणाची भीती वाटू लागते आणि ते आपोआप सुटतं. आभाराला निम्मा वेळ द्यावा, असं मी हट्टाने सांगेन. तिसरी चूक निश्चयातली. "उद्यापासून शांत राहीन" हा निश्चय सकाळी नऊपर्यंतही टिकत नाही. "उद्या जेवताना सासूबाई भावजींचा विषय काढतील तेव्हा मी लगेच उत्तर देणार नाही," हा टिकू शकतो, कारण त्याला वेळ, जागा आणि माणूस आहे.

एकच खोड वारंवार डोकं वर काढत असेल तर इग्नेशियसनी वेगळी रीत दिली आहे, आणि ती इतकी व्यवहारी आहे की वाचून नवल वाटतं. समजा, जोडीदाराला टोचून बोलण्याची सवय आहे. सकाळी उठताच ठरवायचं की आज हे टाळायचं. दिवसात चूक झाली की कुणाला कळणार नाही असा हात छातीवर ठेवायचा. दुपारी आणि रात्री वहीत आठवड्याच्या सात दिवसांच्या ओळी आखून, जितक्या वेळा झालं तितके ठिपके मांडायचे. मग दुपारच्या ओळीशी रात्रीची, कालच्याशी आजची आणि मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतात, कारण आधी जे लक्षातच येत नव्हतं ते आता दिसायला लागतं. इथे पुष्कळ जण खचून वही बंद करतात. नेमकं इथेच थांबू नये.

रोज स्वतःशी खरं बोललं तरी ते कधीतरी दुसऱ्या माणसासमोर उच्चारावं लागतं. म्हणून कन्फेशन, फादरसमोर दिलेली पापांची कबुली. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली द्यावी असा चर्चचा नियम आहे. पण गुड फ्रायडेच्या आठवड्यात लांबलचक रांगेत उभं राहून दोन मिनिटांत उरकलेलं कन्फेशन आणि महिन्याकाठी शांतपणे केलेलं कन्फेशन यांत फार अंतर आहे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) बहुतेक चर्चमध्ये फादर बसतात. तसं नसेल तर वेळ मागून घ्यावी. कुणी नाही म्हणत नाही.

जाताना हे लक्षात ठेवावं. क्रूसाची खूण करायची, मागचं कन्फेशन कधी केलं ते सांगायचं. गंभीर पाप असेल तर काय आणि साधारण किती वेळा, एवढंच. कहाणी लांबवायची नाही, दुसऱ्यांची नावं घ्यायची नाहीत, आणि दुसऱ्यांची पापं तर मुळीच सांगायची नाहीत. "ती अशी वागली म्हणून मी चिडलो" यातलं "ती अशी वागली" गाळून पाहावं. उरतं ते "मी चिडलो आणि ताट ढकललं." हे वाक्य नुसतं, बिनासबबीचं, उच्चारणं अवघड जातं, आणि सगळं बळ त्यातच आहे. ज्याला देवासमोर असं वाक्य उच्चारता येतं, त्याला घरी येऊन बायकोसमोरही ते उच्चारता येतं. मग फादर प्रायश्चित्त देतात: बहुधा काही वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना, कधी कुणाशी बोलणं सुरू करायला सांगतात. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, पापक्षमेचे शब्द ऐकायचे, बाहेर येऊन प्रायश्चित्त त्याच दिवशी पुरं करायचं. ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. न्यायालयालाही नाही, बिशपनाही नाही. ही गुप्तता मुद्दाम मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्च बहिष्कृत करतं.

हेच औषध जास्त झालं तर विष होतं. मनरेसा गावात १५२२ साली इग्नेशियसनी जुन्या पापांची यादी लिहून काढली, सविस्तर कन्फेशन केलं, आणि तरीही काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून ते पुन्हा पुन्हा जात राहिले. यातना इतक्या वाढल्या की राहत्या खोलीतल्या एका मोठ्या भोकातून स्वतःला झोकून द्यावं असे विचार येऊ लागले. शेवटी त्यांनी ठरवलं की जुनं एकही पाप पुन्हा उकरायचं नाही, आणि तिथून सुटका झाली. काही माणसांचं मन आजही असंच चालतं. मिस्साला निघताना वाटतं की कन्फेशन नीट झालंच नाही, कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) कसं घेऊ? अशांनी एकच फादर कायमचे धरावेत, ते सांगतील तेवढ्याच अंतराने जावं, आणि एकदा क्षमा झालेलं पुन्हा न सांगण्याची त्यांची आज्ञा पटो न पटो पाळावी. हात धुण्याचा, दार तपासण्याचा असाच छळ सोबत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तेव्हाही तेच. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. प्रार्थना कमी पडली म्हणून हे झालं, असं सांगणाऱ्याचं ऐकू नये.

आता प्रेमाकडे येऊ.

मागे काय उरतं, ही कसोटी भेटीगाठींच्या काळात विलक्षण उपयोगी पडते. भेट चालू असताना प्रत्येक जण आनंदात असतो, त्यावरून काही कळत नाही. घरी आल्यावर दोन तासांनी पाहावं. मन शांत आहे का, प्रार्थनेला बसवतं का, आईवडिलांशी आणि मैत्रिणींशी नेहमीसारखं बोलता येतं का? की मेसेजवरच्या दोन निळ्या खुणा मोजत बसावंसं वाटतं, तो चिडला तर नाही ना या धास्तीने मागचं सगळं बोलणं पुन्हा वाचावंसं वाटतं? एका संध्याकाळवरून निकाल देऊ नये. पण महिनाभराच्या परीक्षणाच्या वहीत तेच तेच उमटत असेल तर ते गंभीरपणे घ्यावं.

इग्नेशियसच्या नियमांतले दोन या बाबतीत पाठच करावेत. एक नियम सांगतो की मन अंधारलेलं असताना आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. त्याऐवजी प्रार्थना थोडी वाढवावी, परीक्षण जास्त बारकाईने करावं आणि वाट पाहावी. साखरपुड्यानंतर भांडण झालं, रात्री दीड वाजता "संपलं सगळं" असा मेसेज टाइप झाला. तो सकाळपर्यंत पाठवू नये. कदाचित सकाळीही तोच निर्णय योग्य ठरेल, पण तो उजेडात घेतलेला असेल. उलट बाजूही तितकीच खरी. अंधारलेल्या मनाने, एकटेपणाच्या भीतीने, वय निघून चाललं म्हणून होकारही देऊ नये. मन शांत असताना नकार दिला असेल, तर तोच नकार पुढच्या लग्नसराईत उदास होऊन मागे घेऊ नये.

दुसरा नियम त्यांनी खोट्या प्रियकराच्या दाखल्याने सांगितला आहे. दुष्ट आत्मा कसा वागतो? भल्या घरच्या मुलीला नादी लावणाऱ्या माणसासारखा. त्याला एकच हवं असतं, ती हे कुणाला सांगू नये. मुलीने वडिलांना सांगितलं की त्याचा डाव फसतो. म्हणून जे मन छळतं ते एखाद्या जाणत्या माणसाला सांगून टाकावं. पाचशे वर्षांपूर्वीचा हा दाखला आज सरळ शब्दशः घेता येतो. नातं सुदृढ आहे की नाही ते ओळखण्याची इतकी सोपी खूण दुसरी नाही. आपल्यातलं कुणाला सांगू नकोस, बहिणीला तर नकोच, फोनचा पासवर्ड मला दे पण माझा मागू नकोस, तुझ्या मैत्रिणी तुला बिघडवतात: ही वाक्यं प्रेमाच्या भाषेत येतात, म्हणून फसायला होतं. घरच्यांना अजून न सांगणं वेगळं. आपल्याकडे जात, धर्म, नोकरी यांची शंभर कारणं असतात. पण एकाही विश्वासू माणसाला सांगायची मुभा नसेल तर ते गुपित एकाचं राखण करतं आणि दुसऱ्याला कोंडतं.

निर्णयाची वेळ आली की कागद घ्यावा. हो म्हटलं तर फायदे, तोटे; नाही म्हटलं तर फायदे, तोटे; असे चार रकाने. लोक दोनच रकाने करतात आणि नकाराचे स्वतंत्र फायदे लिहितच नाहीत, त्यामुळे पारडं आधीच कललेलं राहतं. मग इग्नेशियसचा आणखी एक उपाय. आपण कधी न पाहिलेली एखादी व्यक्ती हाच प्रश्न घेऊन आली आहे आणि आपल्याला तिचं भलंच हवं आहे, असं समजायचं. तिला काय सल्ला देऊ? तोच स्वतः पाळावा. हे सगळं लग्नाआधीचं. लग्न झाल्यावर "दुसरी बरी पडली असती का" ही निवड पुन्हा मांडायची नाही, झालेल्या निवडीत चांगलं कसं जगायचं एवढाच प्रश्न उरतो, असं त्यांनीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

कॅथलिक विवाहात लग्न लावणारे फादर नसतात, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. वर आणि वधू एकमेकांना संमती देतात, त्या संमतीने विवाह होतो. फादर ती चर्चच्या वतीने स्वीकारतात, दोन साक्षीदार ती ऐकतात. म्हणून संमती मोकळी असणं हा विवाहाचा प्राण. त्यासाठी लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात: कुणाचा दबाव आहे का, काही लपवलं आहे का, आयुष्यभराची निष्ठा मान्य आहे का, मुलं हवी आहेत का. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला मागतात, कारण मूळ नोंदवहीत आधीच्या विवाहाची नोंद होते आणि जुन्या कागदावर ती दिसणार नाही. चर्चमध्ये नावांची घोषणा होते, कुणाला अडचण माहीत असेल तर कळवावी म्हणून. आपल्या लोकांना हा सगळा कागदोपत्री जाच वाटतो. मला तर हा चर्चने दाखवलेला सर्वात मोठा जिव्हाळा वाटतो. आई आजारी आहे, तिच्या डोळ्यांदेखत व्हावं, हॉल बुक झालाय, बँडवाल्याला पैसे दिलेत, या ओझ्याखाली हो म्हणणाऱ्या मुलीला बंद दारामागे एक माणूस विचारतो की तुला खरंच हवं आहे का? तिथे खरं बोलावं. भीतीने किंवा जबरदस्तीने दिलेली संमती चर्चच्या कायद्यात संमतीच नाही. मोठा आजार, कर्ज, मूल होऊ शकत नसल्याची माहिती किंवा आधीचं लग्न फसवण्याच्या हेतूने दडवलं असेल तर तेही विवाहाच्या मुळावर येतं.

लग्नाआधीचं शिबिर प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागात, होतं. तिथे पैसा, सासर-माहेर, शरीरसंबंध, भांडण यांवर बोलतात. हॉलच्या सजावटीला महिने द्यायचे आणि या शिबिरात घड्याळाकडे पाहत बसायचं, हे पाहून वाईट वाटतं. शिबिरातून परतल्यावर तीन गोष्टी दोघांनी कागदावर आकड्यांत लिहाव्यात: दोघांचा पगार आणि कर्ज, दोन्ही घरी दरमहा किती द्यायचं, कुठे राहायचं. प्रेम म्हणजे दुसऱ्याचं भलं इच्छिणं, असं चर्च शिकवतं. ते इच्छिणं अशा कागदावरही दिसायला हवं.

लग्नानंतरच्या आयुष्यासाठी पोप फ्रान्सिस यांनी तीन शब्द सांगितले होते: करू का, धन्यवाद, माफ कर. मराठी घरात नवऱ्याने बायकोला "धन्यवाद" म्हटलं तर ती विचारेल, बरं आहे ना तुम्हाला? आपल्याकडे आभार वेगळ्या रीतीने निघतात. "भाजी छान झाली." "तू होतीस म्हणून निभावलं." रूप कोणतंही असो, रोज एकदा ते तोंडातून बाहेर पडलं पाहिजे; मनात असून भागत नाही. माफीचंही तसंच. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, हे संत पौलाचं सांगणं. पोपनी त्याला जोडलं की समेटासाठी गुडघे टेकावे लागत नाहीत, छोटीशी खूणही पुरते. इथे एक सावधगिरी हवी. रात्रीच सगळं मिटवायचं म्हणून दोन वाजेपर्यंत वाद घालू नये. थकलेलं मन नवे घाव करतं. समेट रात्री, वादाचा विषय उद्या चहानंतर. "मी अजून चिडलोय, पण तुझ्यासोबत आहे," एवढं म्हणून झोपलं तरी पौलाचं म्हणणं पाळलं जातं.

वसईत, गोव्यात, मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक) घरांत संध्याकाळी रोझरी होते. पाच दशकांना (एक दशक म्हणजे दहा 'नमो मरिया') पंधरा-वीस मिनिटं लागतात. मालिकेच्या वेळेशी टक्कर होते, मुलं पेंगतात, आजोबांचा वेग निराळा असतो. हरकत नाही. मुलं लहान असतील तर एकच दशक म्हणावं, पण रोज. रोझरीनंतर लहानांनी हात जोडून मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा, गोव्यात त्याला बेसांव म्हणतात. दुपारी मुलाला ओरडा बसलेला असतो, तो तोंड फुगवूनच बापासमोर येतो, हात जोडतो, बाप डोक्यावर हात ठेवतो. दोघांपैकी कुणालाही आधी नमतं घ्यावं लागत नाही, रीतच दोघांना समोरासमोर आणते. नवरा-बायकोंसाठी अशी रीत मुद्दाम घडवावी लागते. स्पेनमधल्या फादर गाब्रिएल काल्वो यांच्यापासून सुरू झालेल्या मॅरेज एन्काउंटरमध्ये ती शिकवतात: एका प्रश्नावर दोघांनी दहा मिनिटं एकमेकांना पत्र लिहायचं, वही बदलायची, दोनदा वाचायचं आणि दहा मिनिटं त्यावरच बोलायचं. नियम एकच, भावना लिहायची, आरोप नाही. "तुला माझी पर्वा नाही" हा आरोप. "रविवारी तू सगळा वेळ फोनवर होतास तेव्हा मला एकटं वाटलं" ही भावना. पुष्कळ जण "मला वाटतं की तू स्वार्थी आहेस" असं लिहून भावना लिहिल्याचं समाधान मानतात. "वाटतं की"नंतर जोडीदाराविषयीचा निकाल आला, तर ते वाक्य पुन्हा लिहावं.

शरीरसंबंधांविषयी चर्च फक्त बंदी घालतं, असा समज आहे. कृत्रिम संततिनियमनाला चर्चचा विरोध आहे हे खरंच, आणि नैसर्गिक पद्धत पाळायची तर ती दोघांनी मिळून, नोंदी ठेवून, जाणकारांकडून शिकूनच पाळावी लागते. पण ज्या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली हे मांडलं, त्यातच त्यांनी लिहिलं की जोडीदाराची अवस्था आणि रास्त इच्छा न पाहता लादलेला संबंध हे खरं प्रेम नाही. लग्नाच्या आतही 'नाही' म्हणायची जागा आहे. हे वाक्य शिबिरात पुरुषांना मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

आणि जिथे मारहाण आहे तिथे "सहन कर, हा तुझा क्रूस आहे" असं कुणी सांगितलं, तर ती चर्चची शिकवण नव्हे. जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला, आपल्या किंवा मुलांच्या, गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा हक्क कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम ११५३ मध्ये आहे. धोका तातडीचा असेल तर कुणाची परवानगी येईपर्यंत थांबावंही लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर लिहिताना सांगितलं की कधीकधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं. इथे एक व्यवहाराची गोष्ट. नवरा मारतो, हे कन्फेशनमध्ये सांगून मदत मिळणार नाही, कारण ऐकलेलं फादरना बाहेर उच्चारताच येत नाही. ते चर्चच्या ऑफिसात, उघड, शक्यतो एखाद्या सिस्टरच्या किंवा नातेवाइकाच्या सोबतीने सांगावं, म्हणजे पुढे हालचाल करता येते. महिला हेल्पलाइन १८१ आहे. क्षमा करणं आणि त्याच घरात परत राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोर्टातून घटस्फोट झालेल्या व्यक्तीला केवळ तेवढ्यामुळे कम्युनियन बंद होत नाही. अडचण येते ती पुन्हा लग्न केलं तर. मूळ विवाह संमतीच्या वेळीच सदोष होता का, याची चौकशी धर्मप्रांताचं न्यायाधिकरण करतं. २०१५ च्या सुधारणेनंतर दोन न्यायाधिकरणांच्या एकसारख्या निकालांची अट गेली. विवाह अवैध ठरला तरी मुलं अनौरस ठरत नाहीत. पण चर्चच्या निकालाने देशाच्या कायद्यातलं लग्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुन्हा स्पष्ट केलं. कोर्टाचा हुकूम वेगळा मिळवावाच लागतो, आणि चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचं तर दोन्ही कागद लागतात.

लग्न न केलेल्या, न झालेल्या माणसांसाठी चर्चमध्ये बोलणं फारच कमी होतं. चाळिशीतल्या मुलीला प्रत्येक समारंभात "तुझं कधी?" विचारणाऱ्या मावश्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ती कशाची तरी वाट पाहत थांबलेली नाही. वरची सगळी साधना तिचीही आहे, पूर्णपणे.

शेवटी महाराष्ट्रात नेहमी पडणारा प्रश्न. जोडीदार हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान असेल तर? बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाहासाठी बिशपची सूट लागते, आणि अर्ज धर्मग्रामाच्या फादरमार्फत जातो. धर्मांतराची अट नाही. कॅथलिक व्यक्ती दोन गोष्टींचं वचन देते: मी माझी श्रद्धा जपेन आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल तेवढं करीन. दुसऱ्या बाजूला या वचनाची माहिती दिली जाते, तिच्याकडून वचन घेतलं जात नाही. "माझ्याकडून होईल तेवढं" या शब्दांचा अर्थ दोघांनी आधीच बसून लावायला हवा. मुलाचं नाव, बारसं, बाप्तिस्मा, गणपतीत आजोळी जाणं, पहिलं कम्युनियन, शाळेतली धर्माची नोंद, एकेक विषय घेऊन. सही करून घरी न सांगणाऱ्या जोडप्यांत पहिल्या बाळंतपणानंतर जो वाद पेटतो तो फार कडू असतो, कारण एकाला वाटतं फसवलं आणि दुसऱ्याला वाटतं देवाला दिलेला शब्द मोडला. म्हणून हे बोलणं साखरपुड्याआधी व्हावं, दोन्ही घरच्या आयांना समोर बसवून, आणि जे ठरेल ते दोघांच्या अक्षरात लिहून ठेवावं.